आधी दगड, मग पाणी

आमच्याकडे जेसीबी आहे. घर वन बीएचके, कल्याण पूर्वेला कोळसेवाडीत. जेसीबी खाली रस्त्याच्या कडेला उभा असतो आणि त्याच्यावरून सोसायटीचे सेक्रेटरी रोज आमचं डोकं खातात. पण तो आहे म्हणून माझ्या नवऱ्याला, राजरत्नला, जगातल्या प्रत्येक प्रश्नावर एकच उत्तर सुचतं. नळाला पाणी नाही? खोदू. भिंतीला ओल आली? पाडू. एकदा मृणालची, आमच्या मुलीची, कॉलेजात ॲडमिशन अडलेली, तर हा शर्टाची बटणं लावत म्हणाला, "मी जाऊन बघतो." मी म्हटलं, "जा, पण मशीन इथेच ठेवून जा."

माणूस वाईट नाही. हे मी आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला शिव्या घालाल, आणि त्या घालायचा हक्क फक्त माझा आहे.

शिळफाट्याकडची निम्मी भातखाचरं यानं सपाट केलीत. बांध तोडायचे, भराव टाकायचा, वरून मशीन फिरवायचं, की झाला प्लॉट. मालक लोक खूश होतात, पाठ थोपटतात. वीस वर्षं हेच काम केल्यावर माणसाच्या डोक्यात काय बसणार? चांगली जमीन म्हणजे सपाट जमीन.

आमची स्वतःची जमीन आटपाडीच्या बाजूला, माझ्या सासूबाईंच्या नावावर. सासूबाई म्हणजे केशरबाई. राहायला आमच्याकडे, जीव तिकडे. गावानं आमच्या लोकांना द्यायची तशीच जमीन दिलेली, गावाबाहेर, माळाच्या उतारावर, नुसता मुरूम. पाऊस तिकडे पाहुण्यासारखा येतो आणि आला की उतारावरून सगळं घेऊन पळतो. बहात्तरच्या दुष्काळात सासूबाई आणि सासरे, सखाराम त्यांचं नाव, सरकारी कामावर दगड फोडायला जायचे. तिथे ते बांध घालायला शिकले आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या रानात उताराला आडवे दगड रचत बसले. त्या बांधाला तिकडे ताल म्हणतात. अशा तीन ताली झाल्या, एकीच्या खाली एक. वरच्या लोकांच्या रानातली काळी माती पावसाबरोबर वाहून यायची आणि आमच्या तालीला अडकून बसायची. दर पावसाळ्याला थोडी थोडी, अशी पन्नास वर्षं. मुरमावर हाताहाताची काळी चढली आणि तिच्यात शाळू यायला लागला. शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी.

वरच्या रानाचे मालक एकदा भांडायला आलेले, आमची माती तुम्ही चोरली म्हणून. सासूबाई म्हणाल्या, "या की टोपलं घिऊन. वळकून वळकून तुमची तेवढी न्या." हे त्या आजही हसून सांगतात. म्हणजे सांगायच्या.

त्या रानाची एक रीत होती. घरातलं कुणीही रानात गेलं की आधी तालीवर एक दगड ठेवायचा, मग पाणी प्यायचं. लग्नानंतर मी पहिल्यांदा गेले तेव्हा मे महिना होता, तहानेनं जीव चाललेला. माझी नणंद हेमाताई समोर तांब्या घेऊन उभी. मी हात पुढे केला तर सासूबाई म्हणाल्या, "आदी दगूड, मग पाणी." मला असा राग आला! कल्याणची पोरगी मी, नवी साडी, हातात हिरवा चुडा, आणि दगड उचल? पण उचलला. मृणाल चालायलाही लागली नव्हती, तर तिच्या मुठीत खडा देऊन तो तालीवर टेकवलेला. राजरत्नचा पहिला दगड त्यांनी तसाच ठेवून घेतलेला. पाव्हणे आले तरी सुटका नाही. दगड पावसानं ढळतात, ढोरं पाडतात, म्हणून ही रीत. पन्नास वर्षं ताल अशीच उभी होती.

रान बघायची हेमाताई. नवरा गेल्यावर ती माहेरीच राहिली. शाळू तिचा, कडबा तिच्या दोन म्हशींना, आणि वर्षाचं एक पोतं आमच्याकडे. तिचं पोट त्या रानावर होतं, दुसरं काही नव्हतं.

या मे महिन्यात सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ठाण्याला. मी वागळे इस्टेटला पॅकिंगमध्ये कामाला आहे, शिफ्ट सुटली की हॉस्पिटलात जायचे. दिवसा बसायला कुणीतरी हवं म्हणून हेमाताईला बोलावून घेतलं. म्हशी शेजाऱ्याकडे ठेवून ती आली. म्हणजे रानात कुणीच नव्हतं.

डॉक्टर राजरत्नला म्हणाले, "चढउतार कमी करायला सांगा आईंना." बस. एवढंच बोलले बिचारे. याच्या डोक्यात ठिणगी पडली. मला म्हणाला, "सांगलीकडे एक काम बघून येतो," आणि गेला गावाला. तिकडच्या एका ओळखीच्या माणसाचा जेसीबी घेतला, ऑपरेटरला बाजूला बसवलं आणि स्वतः चालवला.

परत आला तो नुसता उजळलेला. चपला काढायच्या आधी मोबाइल माझ्या हातात. "बघ, बघ! आईला सरप्राईज!" व्हिडिओत आमचं रान कॅरमबोर्डसारखं सपाट. "आता आईला एक पायरी चढायला नको. तीन तुकड्यांचा एक पीस केला. कसा दिसतोय?"

मला छान वाटलं. खोटं कशाला बोलू? मला त्यातलं काय कळत होतं?

हेमाताई ओट्याशी आईंसाठी पेज करत होती. हात पुसत आली, मोबाइल हातात घेतला. बघत राहिली. व्हिडिओ संपला तर परत लावला.

"राजा," ती म्हणाली, "काळी कुटं गेली?"

"काळी म्हणजे?"

"माती रं. काळी माती."

"असेल की तिथेच. खालीवर झाली असेल जरा."

"हे पिवळं दिसतंय ते काय हाय?"

राजरत्न मोबाइलवर वाकला. त्यालाही ते तेव्हाच दिसलं असावं. वरचा मुरूम खरवडून त्यानं खाली ओढलेला, आणि जी काय हातभर काळी होती ती सगळी त्याच्याखाली गाडली गेलेली. तालीचे दगडही त्यातच.

"मी परत ताल घालून देतो ना," तो म्हणाला. "एका दिवसाचं काम आहे."

"ताल घालशील. माती कुटनं आनशील?"

पेज करपल्याचा वास आला तरी कुणी हललं नाही. मग हेमाताई एकदम माझ्याकडे वळली, माझे दोन्ही हात धरले. "रचना, आईला सांगू नको. तिला सोसायचं न्हाय. पाऊस पडू दे, बघू काय हुतंय." मी हो म्हटलं. मनात म्हटलं, मेल्या, माझा नवरा झालास म्हणून, नाहीतर तुला त्या मुरमातच उभा पुरला असता.

जूनमध्ये हेमाताई गावी परतली आणि तिकडे पाऊस झाला. चांगला झाला म्हणे, गाव खूश. हेमाताईनं व्हिडिओ पाठवला. वरून आलेलं पाणी आमच्या सपाट रानावरून सरळ निघून गेलेलं, आणि जाताना मधोमध घळ पाडून गेलेलं, माणूस आडवा झोपेल एवढी. तिनं थोडी बाजरी टाकून बघितली. उगवलीच नाही. जुलैत तिनं एक म्हैस विकली आणि दुसऱ्याच्या डाळिंबाच्या बागेत रोजानं जायला लागली. स्वतःच्या रानाची मालकीण, वयाच्या पन्नाशीत.

आणि इकडे आमच्या सासूबाई जिना चढत होत्या.

हो. आमच्या बिल्डिंगचा जिना. फिजिओवाली मुलगी सांगून गेलेली, घरातल्या घरात चाला. या बाईनं काठी घेतली आणि रोज सकाळी तीन पायऱ्या चढायच्या, तीन उतरायच्या. मग सहा. मग मजला. घामानं डबडबायच्या. मी ओरडले, "आई, कशाला एवढा जिवावर ताण?" तर म्हणाल्या, "भादव्यात पेरनी हाय. ताली चढाय नगं व्हय? हेमी एकलीच किती करंल?" मी आत गेले आणि ओट्यावरची भांडी उगाच आदळली.

राजरत्न जिन्यावरून जाताना खाली मान घालून जायचा. कामावरही त्याचं चित्त नव्हतं. एक दिवस साईटवरून सिमेंटची गोणी भरून माती घेऊन आला. कुणाच्यातरी भातखाचरातली, काळी कुळकुळीत. बाल्कनीत ठेवली आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. "इथे ही नुसती फेकून देतात," म्हणाला. "डंपर लावून तिकडे नेली तर?"

"न्या. जन्मभर नेत बसा," मी म्हटलं. "तुमच्या आईबापानं पन्नास वर्षं गोळा केलेली, तुम्ही गोणीनं भरा."

तो रडला. माझा नवरा रडला की मला काय करावं सुचत नाही, म्हणून मी चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना गोणी दिसली. त्यांनी चिमूट घेतली, जिभेला लावली आणि थुंकली. "खारट हाय. खाडीकडची. कुनाच्या रानाची रं?"

"एका गिऱ्हाइकाच्या."

"मग हितं कशापायी आनली? त्येची त्येला दिऊन ये."

तो गोणी उचलून मुकाट्यानं खाली गेला. तेव्हा सांगता आलं असतं, पण त्यानं ते टाळलं. आणि मी? मी वचनात अडकलेली.

भाद्रपद आला. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली. सासूबाईंनी कपाटातला पत्र्याचा डबा काढला. त्यात शाळवाचं बी असतं, कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेलं. गावच्या घरात उंदीर फार, म्हणून बी वर्षभर कल्याणला आमच्या साड्यांशेजारी राहतं. त्यांनी ते सुपात घेतलं, एकेक दाणा निवडला, परत भरलं. राजरत्न म्हणाला, "आई, यंदा राहू दे ना. पुढच्या वर्षी जाऊ." त्या म्हणाल्या, "फुडल्या वर्साचा काय भरोसा? म्या जिना चढली ती काय हवा खायाला?"

गाडी ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोतून होती. डेपोत बाकड्यावर आम्ही दोघी बसलो, डबा त्यांच्या मांडीवर. राजरत्न पाण्याची बाटली आणायला गेला. सासूबाईंनी पाय लांब करून गुडघा दोनदा वाकवून दाखवला मला, लहान पोरानं दाखवावा तसा. "बग. तिसरी तालबी चडते का न्हाय बग."

माझा संयम संपला. वचन गेलं खड्ड्यात.

"आई, ताली नाहीत," मी म्हटलं. "तुमच्या गुडघ्यासाठी यांनी रान सपाट केलंय. मशीननं. काळी माती खाली गेली. यंदा तिथे काही उगवत नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. गाड्यांचे हॉर्न, कंडक्टरची आरडाओरड, त्यात मला वाटलं ऐकूच गेलं नाही. मग त्यांचा चेहरा आवळला.

"कुनी सांगितलं तुला?"

"मी व्हिडिओ बघितलाय. हेमाताईंनाही माहितीये."

"राजा आसं करायचा न्हाय." आवाज चढला. शेजारची माणसं बघायला लागली. "त्येचा पैला दगूड म्या त्येच्या हातानं ठिवलाय! तुला रान नगंय. तुला पयल्यापास्नं नगं हुतं. दगूड उचलताना तोंड कसं केलं हुतंस, म्या इसरले न्हाय."

इतकी वर्षं मी या बाईचं केलं. ऑपरेशननंतर न्हाऊमाखू घातलं. आणि हे ऐकायचं? माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. राजरत्न बाटली घेऊन आला. त्यांनी त्याला काही विचारलं नाही. फक्त डबा त्याच्या हातात द्यायला नकार दिला. गाडीत त्या खिडकीशी, मधे तो, कडेला मी. डबा रात्रभर त्यांच्याच मांडीवर.

सकाळी पोचलो. हेमाताई फाट्यावर आलेली, हातात तांब्या. माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं. घरी न जाता सासूबाई सरळ रानाकडे निघाल्या. काठी होती हातात पण टेकवत नव्हत्या. रानाच्या तोंडाशी वाकल्या, नव्या गुडघ्यानं, आणि सवयीनं एक दगड उचलला. हाताच्या पंजाएवढा. तो घेऊन आत गेल्या.

कुठेच चढ लागला नाही. राजरत्न म्हणाला होता ते खरंच होतं, एक पायरीही नव्हती. पिवळा मुरूम पायाखाली कुरकुरत होता. त्या रानाच्या मधोमध थांबल्या. वर बघितलं, खाली बघितलं. बाजूच्या रानात लोक पेरणीची घाई करत होते, काळी जमीन, पाठीमागून कुळव फिरतोय. आमच्याकडे गवताची काडी नव्हती.

ऊन तापलेलं. हेमाताईनं तांब्या पुढे केला. "आई, घोटभर घे. लांबनं आलीस."

"दगूड ठिवला न्हाय अजून."

"असू दे गं आता."

"आसू दे कसं?" त्यांनी दगड छातीशी धरला. मग राजरत्नला पहिल्यांदा हाक मारली. "राजा, मदली ताल कुटनं जात हुती रं?"

तो पुढे झाला. इकडे गेला, तिकडे गेला, पायानं मुरूम उकरला. एका जागी थांबला, मान हलवली, दहा पावलं खाली आला. ज्या माणसाला कल्याणमध्ये डोळ्यांनी लेव्हल कळते, त्याला स्वतःच्या बापाची ताल सापडेना. "इथून असेल," म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. "आई, मला नाही कळत. तुला कळतंय का?"

सासूबाईंनी सगळीकडे नजर फिरवली.

"मलाबी कळंना," त्या म्हणाल्या.

तो तिथेच मुरमात बसला. "तुझ्यासाठी केलं गं मी. तुला चढायला लागू नये म्हणून केलं."

"व्हय," त्या म्हणाल्या. "सुनंनं सांगितलं मला. म्या तिलाच बोलले."

माझ्याकडे बघितलंही नाही त्यांनी, पण माझा डेपोतला राग उतरला. दगड त्यांनी कुठेच ठेवला नाही. हातात घेऊनच घरी आल्या आणि उंबऱ्याशी, चपलांजवळ ठेवला. पाणी प्यायल्या नाहीत.

घरात आल्यावर डबा हेमाताईसमोर सरकवला. "ह्ये दळ."

हेमाताई चरकली. "आई, बी हाय ते!"

"ठावं हाय मला."

"मूठभर तरी ठिवू? पुढच्या..."

"कशात पेरशील?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "घरात पीठ हाय का तुझ्या? न्हाय ना? पोरं उपाशी आल्यात. दळ."

हेमाताई जात्यावर बसली. मी समोर बसून खुंट्याला हात लावला. पाला बाजूला काढला, दाणे घातले. मोत्यासारखे टपोरे दाणे, त्यांनी कल्याणात बसून एकेक निवडलेले. जात्याचा आवाज घरभर होता आणि राजरत्न दारात पाठ करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते.

भाकऱ्या सासूबाईंनी स्वतः थापल्या. नवा गुडघा मांडी घालण्याइतका मोडत नाही म्हणून पाटावर पाय पसरून. पहिली तव्यावरून उतरली ती राजरत्नच्या ताटात टाकली, वर मिरचीचा ठेचा. तो ताटाकडे बघत बसला. हात लावेना.

"खा," त्या म्हणाल्या.

"आई, नको ना."

"खा रं बाळा. रानातलं शेवटचं हाय. तू न्हाय खाल्लंस तर कुनी खायाचं?"

त्यानं घास मोडला. तोंडात घातला, चावत राहिला, गिळता येईना. सासूबाईंनी स्वतःजवळचा पाण्याचा तांब्या, ज्याला त्यांनी सकाळपासून तोंड लावलं नव्हतं, तो त्याच्याकडे सरकवला आणि दुसरी भाकरी थापायला घेतली.